बॉण्डवर आहे, पण कशाच्या बदल्यात?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या सुगीनंतर खानापूर तालुक्यातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी चार घड्यांचा बॉण्ड काढला. घडीवरची अक्षरं पुसटलेली, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. ‘राजीखुशीने लिहून देतो की वहिनीस दोन लाख रुपये देईन.’ वर्षही झालं नव्हतं आणि दीर हात वर करत होता.

मी विचारलं, “मावशी, याच्या बदल्यात तुम्ही काय दिलं?”

“मी काय देणार वकीलसाहेब? त्यानं आपणहून लिहून दिलंय. बॉण्डवर आहे की!”

हे ‘बॉण्डवर आहे की’ बेळगावच्या कोर्टाच्या आवारात मी रोज ऐकतो. स्टॅम्पपेपर घेतला म्हणजे सरकारची ड्युटी भरली, एवढंच. नुसत्या वचनाचा त्याने करार होत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं २५ वं कलम सांगतं, मोबदल्याशिवायचा करार रद्दबातल. कायद्याच्या मराठीत या मोबदल्याला प्रतिफल म्हणतात. ते पैशातच हवं असं नाही. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून तुम्ही काही केलंत, काही करायचं सोडलंत, किंवा तसा शब्द दिलात, तरी चालतं. बाजारभावाइतकं असायलाही हवं असं नाही. मात्र लाखाचं रान हजारात गेलं, तर सही खरंच राजीखुशीची होती का, हे कोर्ट बघू शकतं.

आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणीचे आकडे जाहीर होतात, त्यांचंही असंच. हावड्याच्या टाउन हॉलसाठी एकाने शंभर रुपये कबूल केले होते. अशा वर्गणीच्या भरवशावर कंत्राटदाराला काम दिलं गेलं, म्हणून १८८६ साली कलकत्ता हायकोर्टाने ते शंभर रुपये द्यायला लावले. १९१४ साली अलाहाबादला मशिदीच्या दुरुस्तीचे पाचशे रुपये मात्र वसूल झाले नाहीत, कारण त्या शब्दावर विसंबून काहीच काम झालेलं नव्हतं.

२५ व्या कलमाला अपवाद आहेत. कोर्टात वसुलीची मुदत टळलेलं कर्ज फेडीन असं सहीनिशी लिहून दिलं, तर ते टिकतं. जवळच्या नात्यात मायेपोटी दिलेलं वचनही टिकतं, पण ते लेखी आणि रजिस्टर केलेलं हवं. मावशींचा बॉण्ड रजिस्टर नव्हता. राहिला एक अपवाद. कुणी आपणहून तुमचं काम केलं आणि नंतर तुम्ही त्याची भरपाई कबूल केली, तर तो शब्द बांधतो.

म्हणून मी पुन्हा विचारलं, “दीर गोव्याला होता, तेव्हा त्याचं रान कोण करत होतं?”

“मीच की. सहा वर्षं.”

घरच्या बाईचं राबणं कुणी हिशोबात धरत नाही, ती स्वतःही नाही. माझा जीव तिथेच तुटतो. ‘सहा वर्षं रान केल्याबद्दल’ एवढे चार शब्द बॉण्डवर असते, तर मावशींना माझ्याकडे यावंच लागलं नसतं.

पिशवीच्या तळातून मग एक वही निघाली. रोप लावणी, भांगलण, मळणी. कुठल्या बाईला किती हजेरी दिली, सगळं शिसपेन्सिलीने लिहिलेलं. दिराला पाठवायची नोटीस मी त्या वहीवरून लिहायला घेतली.