'का' कुठे बसतो?

नमस्कार श्रोतेहो.

आपण स्वतःलाच विचारतो अशी दोन वाक्यं ऐका. 'माझ्याच्यानं हे का होत नाही?' आणि 'माझ्याच्यानं हे होईल का?' पहिल्यात 'का' मधे आहे, दुसऱ्यात शेवटी. पहिला प्रश्न कानावर पडला की मन कारणं गोळा करायला बसतं: आळस, नशीब, मुळातला स्वभाव. दुसरा ऐकला की हिशेब मांडतं: काम किती, वेळ किती, सुरुवात कुठून. प्रश्नच वाकडा आहे की काय, हे मन तपासत बसत नाही. विचारलं, की उत्तर शोधायला लागतं.

इब्राहिम सेनाय या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली यावरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. अक्षरांची उलटापालट केलेले शब्द ओळखायचं काम होतं. ते सुरू करण्याआधी काही जणांना 'मी हे करणार' असं मनाशी म्हणायला सांगितलं, तर काहींना 'मी हे करीन का?' असा विचार करायला. विचारणाऱ्यांनी जास्त शब्द सोडवले. प्रयोग लहान होते, त्यावरून आयुष्याचे नियम काढू नयेत. पण संशोधकांनी मांडलेलं कारण पटण्यासारखं आहे: प्रश्न विचारला की हे काम आपल्याला का करायचंय, याची स्वतःची कारणं माणूस शोधतो. आरोळी ठोकून तो शोध होत नाही.

आता वही घ्या. मोबाइल नको, त्यात दुसरी दहा कामं दिसतात. पानाच्या वरच्या बाजूला, डोक्यात घोळत असलेला प्रश्न जसाच्या तसा लिहा. समजा, तो आहे: 'माझं अभ्यासात लक्ष का लागत नाही?' त्यावर एक रेघ मारा आणि खाली लिहा: 'आज 7 ते 7.30, खिडकीजवळच्या टेबलावर, चौथ्या प्रकरणातली पहिली 3 गणितं मी सोडवीन का?' वेळ, जागा आणि मोजता येईल एवढं काम, तिन्ही त्यात आलं पाहिजे. त्याखाली दुसरा प्रश्न: 'अडलो तर काय करीन?' याचं उत्तर टाळू नका. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञांनी 'असं झालं, तर तसं करीन' अशा आधीच ठरवलेल्या वाक्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. अडचण आल्यावर नव्यानं निर्णय घ्यावा लागत नाही, हा त्यातला फायदा. '10 मिनिटांत गणित सुटलं नाही, तर खूण करून पुढचं घेईन.' एवढं पुरे. या सगळ्याला 5 मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर तुम्ही अभ्यास टाळण्यासाठी वही वापरताय, असं खुशाल समजा.

एवढं करूनही बिनसतं कुठे? बहुतेक वेळा प्रश्नाच्या वेशातल्या टोमण्यात. 'मी आतातरी सुधारणार आहे का?' इथे 'का' शेवटीच आहे, पण हा प्रश्न नव्हे, फटका आहे. ओळखायची खूण सोपी: जिवाभावाच्या मित्राला हेच शब्द, हाच सूर वापरून विचाराल का? दुसरी चूक गोडबोल्या प्रश्नांची. 'मी इतका यशस्वी का आहे?' मन लगेच म्हणतं, कुठे? आणि वाद सुरू. पुरावा नसलेली गोष्ट प्रश्नात गृहीत धरली की असं होणारच. तिसरा प्रकार मराठीत फार चालतो: 'काय करू मी आता!' ऐकायला प्रश्न, पण असतो उसासा. त्याच्या उत्तरात एकही क्रियापद येत नाही, यावरूनच तो ओळखू येतो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर हा खेळ मांडू नये. थकलेल्या डोक्याला सगळेच प्रश्न आरोपांसारखे ऐकू येतात. फारच घालमेल असेल, तर 'मी' सोडा आणि स्वतःला नावानं हाक मारून विचारा: 'अमुक, आता पहिलं काय करशील?' ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, असं बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी स्वतःकडे थोडं लांबून पाहता आलं. जरा विचित्र वाटतं खरं. मोठ्यानं बोलायची गरज नाही.

मधल्या 'का'ला मी हद्दपार करत नाहीये. 'अहवाल उशिरा का गेला?' हा उत्तम प्रश्न आहे, कारण तो घटनेला विचारलाय. आकडे दोन दिवस उशिरा मिळाले, असं उत्तर निघतं आणि पुढच्या वेळी ते आधी मागवता येतात. 'मीच असा का?' याला असं उत्तर नसतं.

राहता राहिला एक पेच. 'होईल का?' असं विचारलं आणि प्रामाणिक उत्तर 'नाही' आलं तर? मग काम कमी करा आणि पुन्हा विचारा. 3 गणितांऐवजी 1. अर्ध्या तासाऐवजी 10 मिनिटं. तरीही 'नाही'च आलं, तर पुस्तक फक्त उघडून त्या पानावर खूण घाला, आणि उद्याची वेळ वहीत लिहून ठेवा.