एक जूनला जन्मलेलं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

एम.ए.ची मुलं प्रबंधासाठी सल्ला घ्यायला येतात, तेव्हा प्रश्नावली बहुधा छापूनच आणलेली असते. दोनशे घरं फिरायची, टक्केवारी काढायची, झालं. मी एवढंच विचारतो, "अरे, या गावाबद्दल आधी कुठं काय लिहून ठेवलंय, ते बघितलंस का?" मग जरा शांतता पसरते.

पुण्याजवळचं पिंपळे सौदागर घ्या. आज तिथं मान वर करून बघावे लागतील असे टॉवर आहेत. शंभरेक वर्षांपूर्वी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी या गावाचा अभ्यास केला. घरोघर चौकशी त्यांनीही केलीच, पण जोडीला जुन्या नोंदी धुंडाळल्या. त्यांना दिसलं ते असं: 1771 साली जमिनीचं सरासरी खातं 40 एकरांचं होतं. 1818 साली ते साडेसतरा एकरांवर आलं आणि 1914-15 पर्यंत अवघ्या सात एकरांवर. आता 1771 च्या शेतकऱ्याला प्रश्नावली कोण नेऊन देणार होतं?

असे कागद आपल्याकडेही आहेत. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, त्यात गावातले जन्म-मृत्यू. कुणबी नोंदींच्या शोधामुळे हा शब्द अलीकडे घराघरांत पोचला. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारं माणूस आधी गाठा. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गाववार लोकसंख्या मिळते, आणि त्या आता घरबसल्या बघता येतात.

पण आकडा सापडला की लगेच उतरवून घेऊ नका. 1981 च्या उस्मानाबादशेजारी 1991 चं उस्मानाबाद मांडलंत, तर वाटेल निम्मा जिल्हा गाव सोडून गेला. गेलं कुणी नाही. मध्ये, 1982 साली, लातूर वेगळा झाला. दुसरी गंमत याहून मोठी. 1961 च्या जनगणनेत देशात काम करणाऱ्या म्हणून नोंदलेल्या बायकांचं प्रमाण 1971 मध्ये जवळजवळ निम्म्यावर आलं. दहा वर्षांत बायकांनी खुरपी खाली ठेवली की काय? छे. विचारायची पद्धत बदलली. 1971 ला 'मुख्य काम कोणतं' असं विचारलं, आणि दिवसभर रानात राबून आलेल्या बाईच्या नावापुढं 'घरकाम' लागलं. म्हणून तक्त्याआधी त्या वर्षीच्या सूचना वाचा. कंटाळवाण्या असतात, पण खरी गोष्ट तिथंच असते.

आणि शाळेचं जनरल रजिस्टर! जुनं रजिस्टर उघडा, जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली न्या. 1 जून, 1 जून, पुन्हा 1 जून. शाळा जूनमध्ये भरायची, पोराचं वय पुरं भरायला हवं, आणि आईबापांना तारीख माहीत नसायची. गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. तेव्हा या रकान्यावरून जन्माचा महिना काढायला जाऊ नका. त्याच ओळीत पुढं 'शाळा सोडल्याचे कारण' असतं, तिथं थांबा. कोण कितवीत गळालं आणि का, याचा कच्चा माल तिथं पडून आहे.

माझाही वाढदिवस सरकारदरबारी 1 जूनलाच असतो. आई मात्र सांगायची, "तू झालास तेव्हा ज्वारीची काढणी चालली होती."