रिपोर्टमधला ठळक आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. त्याच्या शेजारी 'एच' नाहीतर 'एल' असतं, कधी छोटा बाण असतो. ज्यांना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्युपस, हाशिमोटो थायरॉइड असा एखादा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार आहे, त्यांच्या घरी अशा रिपोर्टांची फाइल फुगत जाते आणि दर खेपेला एखादा ठळक आकडा झोप उडवतो. निदान आणि औषधं डॉक्टरांनीच ठरवायची. पण कागदावर काय लिहिलंय हे आपल्याला उमगत असेल, तर त्यांच्यासमोरची दहा मिनिटं सत्कारणी लागतात.

आकडा ठळक होतो तो कशामुळे? निरोगी माणसांची तपासणी करून मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे पडतात, त्या पट्ट्याला 'नॉर्मल रेंज' म्हणतात. उरलेले ५ टक्के निरोगी लोक मुळातच रेंजच्या बाहेर पडतात. एका रिपोर्टवर एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या असतील, तर ठणठणीत माणसाच्याही निदान एका आकड्यापुढे खूण पडण्याची शक्यता ६४ टक्के असते. याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं तो एक टाकाऊ पदार्थ, गेल्या वर्षी ०.६ होतं आणि आज १.० आहे, तर ते रेंजमध्येच राहील, ठळक होणार नाही, कुणी खूण करणार नाही. पण मूत्रपिंडाचं काम बरंच घटलेलं असू शकतं. हे एका कागदावर दिसत नाही, दोन कागद शेजारी ठेवले तरच दिसतं. म्हणून आकडा वाचताना आधी स्वतःचा मागचा आकडा बघायचा आणि मग रेंज.

आता दाह, म्हणजे शरीरातली सूज, मोजणाऱ्या दोन तपासण्या बघू, ईएसआर आणि सीआरपी. ईएसआरची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं रक्त २०० मिलिमीटरची खूण असलेल्या बारीक काचेच्या नळीत भरून नळी अगदी सरळ उभी ठेवतात. तासाभरात लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर द्रव दिसू लागतो. त्या पिवळ्या थराची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की झाला ईएसआर. शरीरात दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं, त्यामुळे लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली येतात. नळी थोडी तिरकी राहिली तरी आकडा वाढतो. रक्तात लाल पेशी कमी असतील, म्हणजे ॲनिमिया असेल, तरी वाढतो. गरोदरपणात वाढतो, वयाबरोबरही वाढतो. वयाचा एक ढोबळ हिशेब आहे: पुरुषांसाठी वयाच्या निम्मा, स्त्रियांसाठी वयात १० मिळवून त्याच्या निम्मा. म्हणजे साठीच्या बाईचा ईएसआर ३५ पर्यंत असला, तरी तेवढ्यावरून आजार उसळलाय असं म्हणता येत नाही.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. दाह सुरू झाला की काही तासांत ते वाढू लागतं, दोन दिवसांत शिखर गाठतं आणि कारण गेलं की साधारण दर १९ तासांनी निम्मं होतं. ईएसआर मात्र खाली यायला कित्येक आठवडे घेतो. ताप येऊन गेला, सीआरपी उतरला आणि ईएसआर अजून ५० आहे, यात गोंधळून जायचं कारण नाही. एक जलद चालतो, दुसरा रेंगाळतो.

सीआरपीच्या बाबतीत एक चूक वारंवार होते, ती एककाची. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. १२ आणि १.२ हे एकच मूल्य असू शकतं. लॅब बदलली आणि आकडा दहापट झाला, तर आधी आकड्यापुढचं एकक बघा.

ल्युपसमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आजार चांगलाच जागा असतानाही सीआरपी पुष्कळदा फारसा वाढत नाही. म्हणून ल्युपसच्या रुग्णाचा सीआरपी एकदम चढला, तर डॉक्टर आधी जंतुसंसर्ग शोधतात, किंवा फुप्फुसाच्या नाहीतर हृदयाच्या आवरणाला सूज आहे का ते पाहतात. ल्युपसचा माग काढायला अँटी-डीएसडीएनए, म्हणजे डीएनएवर उलटलेली प्रतिपिंडं, आणि सी३, सी४ जास्त कामाचे. सी३ आणि सी४ ही प्रथिनं आजाराच्या धुमश्चक्रीत खर्ची पडतात. त्यामुळे इथे आकडा कमी होणं ही काळजीची गोष्ट आहे. टोसिलिझुमॅब हे संधिवातावरचं औषध घेणाऱ्यांनी तर सीआरपीवर विसंबूच नये. सीआरपी तयार करायला सांगणारा संदेशच हे औषध अडवतं, मग संसर्ग झाला तरी आकडा शांत राहू शकतो.

जास्तीत जास्त माणसं घाबरतात ती एएनए, म्हणजे पेशीच्या केंद्रकावर उलटलेली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आल्यावर. या तपासणीत काचपट्टीवर वाढवलेल्या मानवी पेशींवर तुमच्या रक्तातला द्रव पातळ करून टाकतात. प्रतिपिंडं पेशीच्या केंद्रकाला चिकटली, तर खास सूक्ष्मदर्शकाखाली तिथे हिरवा उजेड दिसतो. १:८० म्हणजे ८० पट पातळ केल्यावरही उजेड दिसला, १:६४० म्हणजे ६४० पट पातळ केल्यावरही दिसला. आता हे ऐका. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, वेगवेगळ्या देशांतल्या लॅबनी मिळून केलेल्या अभ्यासात निरोगी लोकांपैकी सुमारे १३ टक्के १:८० ला पॉझिटिव्ह होते, ५ टक्के १:१६० ला आणि ३ टक्के १:३२० ला. सांधे, त्वचा, मूत्रपिंड, रक्तपेशी यांपैकी कशाचीच तक्रार नसेल, तर नुसत्या १:८० वरून ल्युपस ठरत नाही. निदान एकदा झालं की एएनए पुन्हा पुन्हा करून हाती काही लागत नाही. १:६४० वरून १:३२० झालं म्हणजे सुधारणा झाली असंही नाही, एका पायरीचा फरक तपासणीतूनच पडतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठीच्या ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, थायरॉइडचं अँटी-टीपीओ या प्रतिपिंडांच्या तपासण्यांचंही बहुतेक वेळा असंच. ही निदानाची साधनं आहेत, दर तीन महिन्यांनी मोजायची नाहीत. हाशिमोटोमध्ये औषधाचा डोस ठरतो तो टीएसएचवर, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकावर, आणि डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सुमारे सहा आठवडे लागतात. दोन आठवड्यांनी केलेली तपासणी फसवी निघते.

ऑटोइम्यून आजारात बऱ्याच तपासण्या आजारासाठी नसतातच, त्या औषधावर नजर ठेवण्यासाठी असतात. मेथोट्रेक्सेट हे संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. ते रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून घेण्याचा वार वहीत आणि औषधाच्या पट्टीवर लिहून ठेवा. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि डोस स्थिरावला की साधारण दर तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन तपासतात. रक्त द्यायचं ते पुढच्या डोसच्या आधीच्या एक-दोन दिवसांत. डोस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी दिलं, तर यकृताचं एएलटी तात्पुरतं वाढलेलं दिसतं आणि विनाकारण औषध थांबवण्याची वेळ येते. ब्रिटनमधल्या संधिवात तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शनात काही सीमा दिल्या आहेत: एकूण पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १,६०० च्या खाली, प्लेटलेट १ लाख ४० हजारांच्या खाली, एएलटी १०० च्या वर, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) १०५ च्या वर. यातलं काही दिसलं, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. पांढऱ्या पेशी नुसत्या वाढल्या असतील आणि तुम्ही प्रेडनिसोलोन घेत असाल, तर ते त्या स्टेरॉइडमुळेही होतं.

हिमोग्लोबिन कमी आलं की फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारं प्रथिन, तपासतात. पण दाहात फेरिटिन आपोआप वाढतं. एरवी ३० च्या खालचं फेरिटिन लोहाची कमतरता दाखवतं. दाह असताना मात्र ७० किंवा ९० असलं, तरी लोह पुरेसं आहे असं गृहीत धरता येत नाही. अशा वेळी ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे, ते बघतात. ते २० टक्क्यांच्या खाली असेल, तर कमतरतेचा संशय घ्यायचा.

कधी कधी दोष शरीरात नसतो, नमुन्यात असतो. केस-नखांसाठी घेतलेल्या गोळ्यांमध्ये बायोटिन नावाचं जीवनसत्त्व भरपूर असतं. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी४ हे थायरॉइडचं संप्रेरक खोटं जास्त दिसतं, म्हणजे थायरॉइडचं काम वाढल्याचा हुबेहूब आभास होतो. अशी गोळी किमान दोन दिवस आधी बंद करावी, डोस मोठा असेल तर किती दिवस आधी, हे डॉक्टरांना विचारावं. प्लेटलेट अचानक ४० हजारांवर आल्या, पण अंगावर एकही जांभळा डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही? जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीए रसायनामुळे काहींच्या प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्राला ते मोजता येत नाहीत. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा नमुना घेतला आणि काचपट्टीवर पाहिलं की खरं काय ते कळतं. रक्त ओढताना लाल पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटं वाढतं. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल, तर तपासणी पुन्हा करून घ्या.

ल्युपस असणाऱ्यांसाठी एक सूचना रक्ताबाहेरची. क्रिएटिनिन पूर्ण नॉर्मल असताना मूत्रपिंडाला सूज असू शकते आणि ती आधी लघवीत दिसते. लघवीतल्या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण ०.५ च्या वर गेलं, तर डॉक्टर पुढचा तपास करतात. रक्ताबरोबर लघवीची तपासणी लिहून दिली असेल, तर ती टाळू नका.

आता वही. साधी, आडव्या रेघांची चालेल. आडव्या ओळीत तारखा आणि उभ्या रकान्यात ईएसआर, सीआरपी, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एएलटी, क्रिएटिनिन लिहा. प्रत्येक तारखेखाली आणखी तीन गोष्टी हव्यात: त्या आठवड्यातला औषधाचा डोस, सर्दी-ताप किंवा लस झाली होती का, आणि सकाळी सांधे किती मिनिटं आखडलेले होते. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा, कारण यंत्र बदललं की आकडा थोडा सरकतो. एएनएचं प्रमाण, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, अँटी-सीसीपी हे एकदाच होणारे निकाल पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. नवीन डॉक्टरांकडे गेलात, तर त्या एका पानामुळे कित्येक तपासण्या पुन्हा करायच्या वाचतात.

आणि रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला, दम लागू लागला, तोंडात एकाएकी फोड उठले किंवा कुठूनही रक्त येऊ लागलं, तर रिपोर्टची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि जाताना ती वही सोबत न्या.

नमस्कार.