फर्मा, खळ आणि दोरा : जुन्या कुमार कादंबऱ्यांची दुरुस्ती

[दृश्य : टेबलावर जीर्ण पुस्तक. पाठीजवळ गंजाचे दोन डाग.]

पाठीपासून चार-पाच मिलिमीटर आत हे दोन तपकिरी डाग दिसतात. मुलांच्या स्वस्त आवृत्त्यांना अशी आडवी तार मारलेली असे, सगळ्या फर्म्यांतून, म्हणजे दुमडलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतून, आरपार. तारेमुळे पुस्तक सपाट उघडत नाही. वाचणारं मूल ते दाबून उघडतं आणि पान तारेच्या रेषेवर मोडतं. पावसाळ्यात तार गंजते, भोवतालचा कागद ठिसूळ होतो. आधी सुटतं ते वेष्टन, मग पहिली आणि शेवटची पानं. साहसकथेत शेवटची पानं जाणं म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला सांगायला नको.

[दृश्य : कपाटातल्या ओळी.]

भा. रा. भागवतांचा बनेश, म्हणजे फास्टर फेणे, फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. शाळेचं वसतिगृह, सायकल आणि प्रतापगडापर्यंत पोचणारी साहसं यांवर मराठी मुलांच्या पिढ्या वाढल्या. त्याच भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या त्याही आधीचा. नव्या आवृत्त्या निघतात, निघायलाच हव्यात. पण जुन्या प्रतीतली चित्रं, मलपृष्ठावरच्या जाहिराती, छापलेली किंमत आणि वाचनालयाचे शिक्के नव्या आवृत्तीत येत नाहीत. म्हणून जुनी प्रतही टिकवायची.

[दृश्य : पानं मोजणारे हात.]

पहिलं काम मोजणी. सोळा पानी फर्मा म्हणजे चार दुमडलेले कागद, एकात एक, मिळून सोळा पृष्ठं. 96 पृष्ठांच्या पुस्तकात असे सहा फर्मे. 1, 17, 33, 49, 65 आणि 81 या पृष्ठांवर, खालच्या कोपऱ्यात, बहुधा फर्म्याचा बारीक आकडा छापलेला असतो. तो जुळवून पाहा. फर्म्याच्या मधला कागद हरवला तर पहिल्या फर्म्यातली 7 ते 10 ही चारही पृष्ठं एकदम जातात. उणीव आत्ताच लिहून ठेवा. शिवल्यावर कळून उपयोग नाही.

[दृश्य : चिमटा, पातळ पातं, निघणारी तार.]

तार ओढून काढायची नाही. मागच्या बाजूची दोन टोकं पातळ पात्याने उचलून सरळ करायची, मग पुढून अलगद बाहेर. टोक तुटलंच तर कटरने छाटून तुकडे वेगळे काढा. भोकाभोवतीचा सुटा गंज कोरड्या ब्रशने झाडायचा. पाणी लावलं की डाग पसरतो.

आणि ही चिकटपट्टी. कोणीतरी मायेने लावलेली, पण तिचा गोंद पिवळा पडून अक्षरांत मुरतो. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा द्या, पट्टी तिच्याच अंगावर मागे दुमडत सोडवा, उरलेला चिकटा कच्च्या रबराने गोळा करा. मुरलेला डाग राहतो, तो राहू द्या.

[दृश्य : पातेल्यात शिजणारी खळ. हे दृश्य लांब ठेवावं.]

एक वाटी गव्हाचा स्टार्च, पाच वाट्या पाणी. कणीक नको, तिच्यातल्या प्रथिनांवर कीड येते. अर्धा तास भिजवून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं सतत ढवळत शिजवा. पांढरट रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा. गार झाली की दोनदा गाळा आणि सायीइतकी पातळ करा. खळीत मोरचूद घालायची बाइंडरांची जुनी रीत आहे. त्याने कीड लागत नाही हे खरं, पण त्यातलं तांबं कागदाला वर्षानुवर्षं खात राहतं. ताजी खळ करा, दोन-तीन दिवसांत संपवा.

[दृश्य : फाटलेल्या घडीवर बसणारी पातळ पट्टी.]

खळीने चिकटवायची ती पट्टी जपानी कोझो कागदाची, लांब तंतूंच्या पातळ कागदाची. फाटलेल्या पानाला दर चौरस मीटरला नऊ-दहा ग्रॅमचा कागद, तुटलेल्या घडीला जरा जाड. पट्टी कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडा, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि जोड बोटाला लागत नाही. कागदाचा धागा, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला समांतर हवा, नाहीतर वाळताना पान कुरळं होतं. खळ जास्त झाली तर ओलीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. प्रत्येक घडीला पट्टी लावायचा मोह टाळा. चोवीस घड्यांना चोवीस पट्ट्या लागल्या की पाठ फुगते आणि वेष्टन बसत नाही.

[दृश्य : सुई, मेण, दोरा.]

आता जुजबंदी, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवणं. घडीतून सहा भोकं : टोकांजवळ एकेक गाठीसाठी, मधे पाठीवर आडव्या ठेवलेल्या दोन सुती पट्ट्यांच्या दोन्ही कडांना एकेक. दोऱ्याला मेण. ओढायचा तो पाठीला समांतर, स्वतःकडे ओढला की घडी चिरते. फर्मे असे शिवले की पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. तारेच्या बांधणीत हे कधीच झालं नसतं.

[दृश्य : कटिंग यंत्र, बंद.]

आणि हे यंत्र वापरू नका. कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून बाइंडर तिन्ही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर छाटतात. दोनदा बांधलेल्या पुस्तकात पृष्ठांकच उडालेले सापडतात. कडा वेड्यावाकड्या राहिल्या तरी समास राहतो, आणि पुढच्या दुरुस्तीला जागा राहते.

[दृश्य : रंगीत वेष्टन.]

वेष्टनाच्या रंगाची परीक्षा आधी कोपऱ्यात, ओल्या कापसाने. रंग उतरला तर तिथे पाण्याचं काम नाही. टिकला तर मागून कोझोचं अस्तर देऊन तेच चित्र नव्या पुठ्ठ्यावर चढवा. लॅमिनेशन नको, ते पुन्हा निघत नाही.

कागदातली आम्लता यातून जात नाही. पानं पिवळी होतच राहतील, उन्हापासून दूर ठेवा.

शेवटी टिपकागदात घालून वजनाखाली ठेवायचं, टिपकागद पहिल्या तासात दोनदा बदलायचा. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात तीन लागतात. आत ओल असताना कपाटात गेलेल्या पुस्तकाला पाठीकडून बुरशी धरते.