वाकस : आडव्या धारेचं हत्यार

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी हे टेबलावर ठेवतो. आमच्या गावच्या सुतारमामांचा हा वाकस. कुणी याला तासणी म्हणतं, हिंदीत बसूला म्हणतात. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी हा होता, आणि माळा आवरताना भंगारात गेला. त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून आज आलोय.

कुऱ्हाड आणि वाकस शेजारी धरले तर फरक एकच दिसतो. कुऱ्हाडीची धार दांड्याच्या रेषेत असते, वाकसाची दांड्याला आडवी. पण तेवढ्याने काम पार बदलतं. कुऱ्हाड लाकडात घुसते, ते तोडते, फोडते. वाकस लाकडाच्या अंगावरून चालतो आणि ढलपी काढत जातो.

मामा नांगराचं रुमणं तासायला बसले की मी समोर उकिडवा बसायचो. बाभळीचा तुकडा ते दोन्ही पायांच्या तळव्यांत घट्ट धरत. वाकस खांद्यावर नेत नसत. कोपर आणि मनगट, एवढंच हलायचं. प्रत्येक घावाला रुपयाएवढी ढलपी सुटायची, तीही पायाच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर. अंगठा जागचा हलत नसे. गाठ आली की आवाज बदलायचा. मग ते तुकडा फिरवून उलट्या अंगाने गाठीवर यायचे. तासून झालं की वाकस उलटा धरून त्याच्याच माथ्याने पाचर ठोकायचे. रंधा, पटाशी, हातोडी सगळं पेटीत होतं, पण हात आधी जायचा तो वाकसाकडे.

हे हत्यार लोखंडाच्याच काय, तांब्याच्याही आधीचं आहे. जर्मनीत लाइपझिगच्या परिसरात नवाश्मयुगातल्या लाकडी विहिरी सापडल्या. अशा चार विहिरींतल्या ओकच्या १५१ लाकडांची वर्षवलयं मोजून २०१२ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. ती झाडं इ.स.पू. ५४६९ ते ५०९८ या काळात तोडलेली निघाली. त्या शेतकऱ्यांकडे धातू नव्हता. त्यांनी दगडी वाकसांनी ओक तासला. आणि जोड कसे? एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या भोकातून पार करायचं आणि वर पाचर मारायची. सात हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाचरीबद्दल वाचलं तेव्हा मला आमच्या मामांचा हात दिसला.

पण वाकसावर खरं राज्य केलं ते पॅसिफिक महासागरातल्या लोकांनी. पॉलिनेशियातले लोक हजारो मैल समुद्र ओलांडत गेले, त्या होड्या दगडी वाकसांनी कोरलेल्या होत्या. न्यूझीलंडचे माओरी त्याला ‘तोकी’ म्हणतात. त्यांच्या एका कथेत राता नावाचा वीर होडीसाठी झाड तोडतो, पण वनदेवतेचे मंत्र म्हणायचं राहतं. सकाळी येऊन पाहतो तर झाड जागच्या जागी उभं! रात्री रानातल्या पाखरांनी आणि किड्यांनी एकेक ढलपी परत बसवलेली असते. ज्याने वाकसाखाली ढलप्यांचा खच पडलेला पाहिलाय, त्यालाच ही कथा सुचणार.

त्यांचा दगडही साधा नसे. हवाईमध्ये मौना केआ या ज्वालामुखीवर ११,००० फुटांच्याही वर वाकसाच्या दगडाची खाण आहे. बर्फ पडणाऱ्या त्या उंचीवर उष्ण बेटावरचे लोक चढून जात, कपारीत मुक्काम करत आणि घट्ट बसाल्ट फोडून वाकसाचे कच्चे घाट तयार करत. तिथे चिपांचे ढीग अजून आहेत. जिथे दगडच नाही अशा प्रवाळबेटांवर मोठ्या शिंपल्याचा वाकस करत.

ताहिती बेटाजवळच्या तुआमोतू द्वीपसमूहातलं नापुका हे असंच एक प्रवाळबेट. तिथे विसाव्या शतकात एक दगडी वाकस मिळाला होता. पुढे त्याच्या दगडाचं रासायनिक पृथक्करण झालं आणि २००७ साली निष्कर्ष आला की हा दगड हवाईतल्या काहोओलावे बेटावरचा आहे. मधे सुमारे ४,००० किलोमीटर समुद्र! हवाई आणि ताहिती यांच्यातल्या प्रवासांच्या गोष्टी तिथले म्हातारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. कित्येक विद्वानांना त्या दंतकथा वाटत. एका दगडी वाकसाने त्या म्हाताऱ्यांची बाजू राखली.

आता इजिप्त. तिथे तांब्याचं पातं वाकड्या दांड्याला चामड्याच्या वादीने बांधत. त्यांच्या चित्रलिपीत लाकडाच्या ठोकळ्यावर वाकस ठेवलेलं एक चिन्ह आहे, त्याचा उच्चार ‘सेतेप’ आणि अर्थ ‘निवडणं’. दुसऱ्या रामसेसच्या राजनामात ‘सेतेपेनरा’ येतं, म्हणजे रा देवाने निवडलेला. एवढ्या बलाढ्य राजाच्या नावात सुताराचं हत्यार कोरलेलं आहे.

मृताच्या ममीपुढे वाकस धरून ‘मुख उघडण्याचा’ विधी होई, म्हणजे परलोकात त्याला बोलता-खाता यावं. आपल्या प्राणप्रतिष्ठेची आठवण व्हावी असा तो प्रकार. तुतनखामेन राजाच्या थडग्यात उत्तरेच्या भिंतीवर त्याचा वारस आय बिबट्याचं कातडं पांघरून, हातात वाकस घेऊन उभा आहे. या विधीतल्या वाकसाचं आणि आकाशातल्या सप्तर्षींचं इजिप्ती नाव एकच होतं. आज घरी गेल्यावर सप्तर्षी दिसले तर बघा. चार ताऱ्यांचं पातं, तीन ताऱ्यांचा वाकडा दांडा.

आपल्याकडे ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात एक देव हातात धातूची ‘वाशी’ धरून उभा आहे. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य म्हणतात, तो त्वष्टा, देवांचा कारागीर. पालीत त्याच हत्याराला ‘वासि’ म्हणतात. आणि ‘तासणं’ हे आपलं रोजचं क्रियापद संस्कृत ‘तक्ष्’वरून आलंय; ‘तक्षन्’ म्हणजे सुतार.

पालीतला एक दाखला मला सगळ्यांत जवळचा आहे. संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथात बुद्ध भिक्खूंना सांगतात : सुताराला वाकसाच्या दांड्यावर आपल्या बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे दिसतात. आज इतका झिजला, काल इतका, हे काही त्याला कळत नाही. झिजला की झिजला एवढं कळतं. साधना करणाऱ्याचे मनाचे मळही असेच झिजतात.

मामांचा हा दांडा बाभळीचाच आहे. मुठीच्या जागी हाताला खळगा लागेल, तो अंगठ्याचा. पहिल्या रांगेपासून पुढे द्या, मागेपर्यंत जाऊ दे. मुठीत धरून बघा. धारेला मात्र बोट लावू नका, मी कालच लावून आणलाय.