चाफ्याला कळी धरते, मग फूल का होत नाही?

नमस्कार मंडळी! आज चाफ्याबद्दल बोलूया, म्हणजे आपला देवचाफा हं, पांढरा, मधे पिवळा असतो तो, सोनचाफा नाही, ते झाडच वेगळं. नाशकात देवळांच्या आवारात, जुन्या वाड्यांच्या दारात हा चाफा कुणी ढुंकूनही न बघता भरभरून फुलतो, आणि आपण हौसेने कुंडीत लावला की नुसती पानंच पानं, जीव अगदी चुटपुटतो.

तर खत आणायला धावायच्या आधी फांदीचं टोक बघा. चाफ्याला फूल टोकालाच येतं, पानांच्या मधून आधी एक दांडा वर येतो न मग त्यावर कळ्यांचा झुबका. तुमच्याकडे दांडाच निघत नाही, की दांडा निघतो पण कळ्या काळ्या पडून गळतात? हे आधी ठरवा, कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

दांडाच नसेल तर पहिला संशय उन्हावर. रोज किमान ६ तास थेट ऊन पाहिजे, उत्तरेकडच्या बाल्कनीत ते मिळत नाही, मग कुंडी गच्चीवर न्या. दुसरा संशय युरियावर. त्यात ४६ टक्के नत्र असतं, झाड हिरवंगार होतं, माजतं, पण फुलत नाही. युरिया बंद करा, त्याऐवजी थोडं सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत) किंवा बोनमील (हाडांचा चुरा) द्या. आणि छाटणी! द्राक्षवाल्यांना विचारा, छाटणीची वेळ चुकली की काय होतं ते. इथे तर दरवर्षी सगळी टोकं कापली तर फूल येणार कुठून? कापलेल्या फांदीला फुटवे येतात, पण ते फुलायला बरेचदा पुढचं वर्ष उजाडतं. बियांपासून केलेलं रोप असेल तर तीनेक वर्षं धीर धरा, फांदीचं लवकर फुलतं.

आता कळ्या गळतात त्यांचं ऐका. एक पांढरा कागद घ्या, झुबक्याखाली धरा आणि दांड्याला हळूच टिचकी मारा. कागदावर बारीक पिवळट-तपकिरी रेषा चालायला लागल्या तर ते थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, कळीतला रस तेच शोषतात. लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल, त्यात साबणाचे चार थेंब, आणि संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला, उन्हात नको, पानं करपतात.

कागद स्वच्छ निघाला तर बहुतेक पाण्याचा घोळ असतो. कधी चार दिवस कोरडं, कधी एकदम बादलीभर, अशाने कळी टिकत नाही. त्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, म्हणून जाडी वाळू किंवा मुरूम मिसळाच. वरची दोन इंच माती सुकली की पाणी, तोवर नाही.

डिसेंबर-जानेवारीत इथली थंडी पडली की पानं गळतात, त्याला घाबरू नका, झाड झोपलंय. तेव्हा पाणी जवळजवळ बंद. फेब्रुवारीत टोकाला नवं पान डोकावलं की परत सुरू करा, आणि कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील तर तेव्हाच मोठ्या कुंडीत हलवा. फक्त फांदी मोडली तर पांढरा चीक निघतो तो हाताला लागू देऊ नका, डोळ्यात तर अजिबात नाही, लगेच साबणाने धुवा.