कॅमशाफ्टची पहिली वीस मिनिटं

(दृश्य: टॅपेट कव्हर काढलेलं इंजिन, चालू. काही क्षण फक्त आवाज.)

बारा रॉकर आर्म, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे दांडे, वरखाली होताहेत. मागून पाचवा पाहा. आता तोच, वेग कमी करून. बाकीचे जेवढे दबतात तेवढा हा दबत नाही.

इंजिन जुनं आहे, बांधणी नवी. बोअर झालेत, पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक ग्राइंड करून घेतलाय, हे व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्टही नवा. सुरुवातीला आवाज स्वच्छ होता. मग टकटक आली. टॅपेट सेट केले, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, क्लिअरन्स, बरोबर केली, टकटक गेली; थोडं चालवलं, पुन्हा हजर. आणि आता ॲक्सिलरेटर दिला की हे ऐका.

(आवाज: कार्ब्युरेटरमधून फटका.)

इथे हात आधी डिस्ट्रिब्युटरकडे जातो. टायमिंग, प्लग, पॉइंट, मग कार्ब्युरेटर खोलून साफ. सगळं ठाकठीक. कॉम्प्रेशनसुद्धा जवळपास बरोबर दाखवतं, आणि फसगत होते ती तिथेच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरेसा उघडला नाही तर जळलेला वायू सिलिंडरमध्ये कोंडून राहतो. इनटेक उघडला रे उघडला, की तो त्याच वाटेनं वर घुसतो. फटका कार्ब्युरेटरमधून येतो, म्हणून दोषही त्याच्याच माथी.

खात्री करायला इंजिन खाली उतरवावं लागत नाही. प्लग काढले, रॉकर सैल करून बाजूला सारला, हालचाल मोजणाऱ्या डायल गेजचं टोक पुशरॉडच्या, म्हणजे रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांडीच्या, डोक्यावर टेकवलं. व्हॉल्व्हवर नाही, पुशरॉडवरच. नाहीतर रॉकरची झीज आणि क्लिअरन्स दोन्ही मापात मिसळतात. आता क्रँक हातानं, सावकाश फिरवायचा. इनटेकची तुलना इनटेकशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी. लोब म्हणजे कॅमशाफ्टवरचे उंचवटे. पाच एक्झॉस्ट लोबांवर काटा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास जातोय. चौथ्या सिलिंडरवर चारसुद्धा गाठत नाही.

(दृश्य: कॅमशाफ्ट हळूहळू बाहेर येतो. निवेदन नाही.)

हा लोब. याला टोक होतं. आणि हा त्याच्यावर बसून पुशरॉड उचलणारा टॅपेट, बूड वाटीसारखं खोल गेलेलं.

‘माल हलका होता’, असा निकाल यावर लगेच लागतो. कधीकधी तो खराही असतो, टॅपेटचं कडकपण कमी निघतं. पण माल दोषी ठरवण्याआधी हे दोन नवे टॅपेट पाहा. बुडाला बूड लावून धरले, तर ते एकमेकांवर डोलतात. बूड सपाट दिसतं, पण मधोमध किंचित फुगीर घासलेलं असतं. लोबही सरळ नसतो, एका कडेकडे जरासा उतरता. दोन्ही फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचे. टॅपेटचा मध्य आणि लोबचा मध्य एका रेषेत येत नाहीत. या तिन्हींमुळे लोबचा प्रत्येक दाब टॅपेटला थोडा स्वतःभोवती फिरवतो आणि झीज एका जागी न राहता पसरते. टॅपेट फिरायचा थांबला की लोब त्याच एका जागी घासत राहतो. मग मिनिटांचाच प्रश्न उरतो.

म्हणून नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच नाहीत, कितीही चांगले दिसोत. जुन्यांचं बूड जुन्या लोबशी जुळलेलं असतं. टॅपेट आपल्या भोकात निव्वळ वजनानं खाली सरकला पाहिजे आणि बोटानं मोकळा फिरला पाहिजे. बसवताना लोबांवर आणि टॅपेटच्या बुडांवर मोलिब्डेनमची काळी पेस्ट चोपडायची, सढळ हातानं. दुहेरी स्प्रिंगा असतील तर आतल्या काढून ठेवायच्या.

आता ऑईल. झेडडीडीपी नावाचं जस्त-फॉस्फरसचं संयुग 1940 च्या दशकापासून इंजिन ऑईलमध्ये आहे. दाब आणि उष्णता मिळाली की ते धातूवर पातळ थर धरतं आणि लोखंडाला लोखंड भिडू देत नाही. फॉस्फरस धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो, म्हणून त्याच्यावर मर्यादा येत गेल्या. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या 2004 च्या एसएम दर्जानं पातळ ग्रेडच्या ऑईलमध्ये ती 0.08 टक्क्यांवर आणली. रोलरवर चालणाऱ्या कॅमचं त्यानं काही बिघडत नाही. या जुन्या इंजिनाचं बिघडतं. याला ब्रेक-इनसाठी, म्हणजे नवे भाग एकमेकांशी जुळण्याच्या काळासाठी, बनवलेलंच ऑईल हवं. वर आणखी बाटल्या ओतू नयेत. जास्तीचं झेडडीडीपी धातू खातं.

(दृश्य: ड्रिल मशीननं ऑईल पंप फिरवला जातो. गेजचा काटा वर चढतो.)

हे स्टार्टर मारायच्या आधी. रॉकरपर्यंत ऑईल आलेलं डोळ्यांनी दिसलं पाहिजे. कार्ब्युरेटर भरलेला, पाणी भरलेलं, टायमिंग आधीच लावलेलं. सेल्फ मारत बसायचं नाही, त्यात लोबावरची पेस्ट पुसली जाते.

आणि सुरू झाल्यावर आयडलिंग नाही. अजिबात नाही. प्रेमापोटी सगळे नव्या इंजिनाला हळू चालवतात. या इंजिनात लोबांना ऑईल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळतं आणि आयडलिंगला शिंतोडे कमी. शिवाय मंद वेगात स्प्रिंगचा सगळा दाब लोबच्या टोकावर येतो. वेग वाढला की व्हॉल्व्हची स्वतःची गती त्या टोकाला थोडा आराम देते. म्हणून थेट 2000 ते 2500 आरपीएम, वीस ते तीस मिनिटं, थोडं वर-खाली करत. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे 2000 वर एकेका लोबाच्या वीस मिनिटांत वीस हजार फेऱ्या. लोब आणि टॅपेट जुळतात ते यातच. मधे गळती दिसली, ऑईलचा काटा पडला किंवा इंजिन तापलं तर बंद करायचं. आयडलवर आणून पाहत बसायचं नाही. दुरुस्त करून उरलेली मिनिटं मग पूर्ण करायची.

पुशरॉडवर मार्करनं मारलेल्या या खुणा पाहा. फिरताहेत. जो फिरत नाही, त्याच्याखालचा टॅपेट अडकलाय.

ज्या इंजिनात हे झालं नाही, त्याचा लोखंडी चुरा ऑईलबरोबर बेअरिंगांपर्यंत पोचतो. सगळं पुन्हा खोलावं लागतं.

(दृश्य: फिल्टर कापला जातो, कागदाच्या घड्या उलगडतात.)

वीस-तीस मिनिटांनंतर ऑईल गरम असतानाच सोडायचं. हा काळपटपणा पेस्टचा, त्याची काळजी नको. चुंबकाला चिकटणारी चमक दिसली तर मात्र थांबायचं. नाही दिसली, तर बाराही क्लिअरन्स फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी पुन्हा मोजायचे. एकही वाढलेला नसेल, तर आतल्या स्प्रिंगा परत चढवायच्या. हेड काढायची गरज नाही. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब दिला की व्हॉल्व्ह आपल्या जागी धरून राहतात.